वीट विठोबाखाली शोभते, खिशात नाही

‘अपडेट स्वतःच्या जबाबदारीवर करा. मध्येच बॅटरी संपली किंवा कार्ड निघालं तर यंत्र कायमचं बंद पडू शकतं. त्याला आम्ही जबाबदार नाही.’

या अर्थाची ओळ तुम्ही कुठे ना कुठे वाचलीच असेल. राउटरच्या माहितीपत्रकात, टीव्ही बॉक्सबरोबर आलेल्या चिठोऱ्यात, आणि लिनक्सवर चालणारा खिशातला गेम कन्सोल घेतला असेल तर हमखास. आपण काय करतो? ‘हो’ वर टिचकी मारतो, सरकणाऱ्या पट्टीकडे श्वास रोखून बघत बसतो आणि ती शंभरावर पोचली की देवाचे आभार मानतो. मंडळी, सॉफ्टवेअर अपडेट ही देवाचे आभार मानायची गोष्ट कधीपासून झाली?

अशा अपडेटमध्ये मेलेल्या यंत्राला इंग्रजीत ‘ब्रिक’ म्हणतात. ब्रिक म्हणजे वीट. आता आमच्या वाळूजला छोटं पंढरपूर आहे, आषाढीला तिथे तोबा गर्दी असते. विठोबाच्या पायाखाली वीट शोभून दिसते. सहा हजार रुपये मोजून खिशात वीट घेऊन फिरायची हौस मात्र कोणालाच नसते.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पटणार नाही ते इथूनच परत फिरतील. बॅटरी संपणं, केबल सैल होणं, पोराने मध्येच कार्ड उपसणं या घटना घडणारच आहेत. त्या घडल्यावर यंत्र कायमचं मरत असेल तर तो यंत्र बनवणाऱ्याचा दोष आहे. वापरणाऱ्याचा नाही. आणि ‘स्वस्तातलं आहे, एवढं चालायचंच’ हे कारण खोटं आहे, कारण यावरचा इलाज जवळजवळ फुकट आहे.

दिवसा मी एमआयडीसीतल्या मशीनांसाठी कोड लिहितो, त्यामुळे हा विषय माझ्यासाठी नुसता खेळाचा नाही. पण सुरुवात खेळापासूनच करू.

लहानपणचा टीव्ही गेम आठवतोय? मिताशीचा, नाहीतर बिननावाचा. ‘९९९९ इन १’ लिहिलेली पिवळी कॅसेट, ज्यात खरे गेम मोजून वीस-पंचवीस. चालली नाही तर फुंकर मारायची, परत खोचायची, चालू! ती कॅसेट मामाच्या घरी माळ्यावर वीस वर्षं पडली तरी आज चालू होण्याची शक्यता बरीच आहे. कारण आत सहसा ‘मास्क रॉम’ असायचा. माहिती चिप बनतानाच कारखान्यात कोरलेली. दगडावरचा शिलालेखच म्हणा ना. लिहिता येत नाही, म्हणून बिघडवताही येत नाही.

आजच्या हँडहेल्डमध्ये शिलालेख नाही, पाटी आहे. तोशिबातल्या फुजिओ मासुओका यांनी १९८४ साली जगासमोर मांडलेली फ्लॅश मेमरी. या पाटीची गंमत अशी की अक्षर एकेक लिहिता येतं, पण पुसायचं तर एकेक पुसता येत नाही. पाटीचा मोठा तुकडा एकदम पुसावा लागतो. जुन्या नँड चिपमध्ये लिहायचं पान साधारण २ केबीचं आणि पुसायचा तुकडा १२८ केबीचा असायचा. म्हणजे चार ओळी बदलायच्या तरी अख्खा तुकडा दुसरीकडे उतरवून घ्यायचा, जुना पुसायचा. आणि दर पुसण्यागणिक पाटी थोडी झिजते. विजेचा भार अडवून धरणारा आतला पातळ थर खराब होत जातो.

किती झिजते? एका पेशीत एकच बिट ठेवणारी जुनी चिप साधारण एक लाख वेळा पुसता येते. दोन बिट ठेवले की आकडा तीन ते दहा हजारांवर येतो, तीन बिट ठेवले की एक ते तीन हजारांवर. जागा वाढली, किंमत उतरली, आयुष्य घटलं. आपल्याला स्वस्तात १२८ जीबीचं कार्ड मिळतं ते याच सौद्यातून. सौदा वाईट नाही, फक्त तो झालाय हे आपल्याला कोणी सांगत नाही.

आणखी एक भानगड. पाटीवरचं लिखाण हळूहळू आपोआप पुसटही होतं. उष्णतेत जास्त वेगाने. घरगुती एसएसडीसाठी जेडेक या संस्थेच्या मानकात अपेक्षा अशी आहे की पूर्ण झिजलेली डिस्क वीज न देता ३० अंश तापमानात एक वर्ष माहिती सांभाळेल. आता ३० अंश आणि संभाजीनगरचा मे महिना यांचा काय संबंध ते तुम्हीच सांगा :-) पत्र्याच्या खोलीत, खिडकीत ठेवलेल्या हँडहेल्डमधल्या बिननावाच्या कार्डाला तर कोणतंच मानक लागू नसतं.

तर धोके दोन आहेत आणि लोक त्यांची कायम गल्लत करतात. पहिला, कार्ड मरणं. दुसरा, यंत्र मरणं.

कार्ड मरतं तेव्हा काय होतं? आजचे बहुतेक स्वस्त लिनक्स हँडहेल्ड अख्खी ऑपरेटिंग सिस्टिम मायक्रोएसडी कार्डावरच ठेवतात. अॅनबर्निकचं आरजी३५१पी घ्या किंवा नंतरचं आरजी३५एक्सएक्स प्लस घ्या, कार्ड काढलं की यंत्राला स्वतःचं नावसुद्धा आठवत नाही. माझ्या मते ही रचना उत्तम आहे! कार्ड खराब झालं तर दुसरं घाला, इमेज लिहा, खेळ परत सुरू. वीट होण्याची भीती जवळजवळ संपली.

पण मग कंपन्या काय करतात? या उत्तम रचनेत सगळ्यात स्वस्त, बिननावाचं कार्ड घालून विकतात. पाच-सात हजारांचं यंत्र आणि त्याचं काळीज म्हणजे कोणत्या तरी गल्लीतलं कार्ड. जुन्या खेळाडूंचा पहिला सल्ला हाच असतो की डबा उघडल्या उघडल्या सोबतचं कार्ड बदला. जरा विचार करा, बाइक घेतल्यावर शोरूमच्या दारातच कोणी म्हणालं, ‘साहेब, ब्रेक मात्र लगेच बदलून घ्या, कंपनीचे टिकत नाहीत,’ तर आपण ती बाइक घेऊ का? बजाजचा कारखाना १९८५ पासून आमच्या वाळूजमध्ये आहे. ब्रेकच्या बाबतीत असलं वाक्य इथे कोणी ऐकून घेणार नाही. गेमच्या बाबतीत मात्र आपण मान डोलावून दुकानात कार्ड शोधायला जातो.

शिवाय कार्ड म्हणजे नुसती पाटी नसते. आत एक छोटा कंट्रोलर असतो, कोणतं पान कुठे ठेवलंय याची वही तो सांभाळतो. तो ही वही लिहीत असतानाच वीज गेली तर एखादीच फाइल नाही, अख्खं कार्डच ओळख विसरू शकतं. एका पेशीत दोन बिट ठेवणाऱ्या चिपमध्ये तर असंही होतं की आत्ता लिहिताना वीज गेली आणि कधीच नीट लिहून झालेलं, त्याच पेशीतलं जुनं पान खराब झालं. म्हणजे मी गेम सेव्ह करत होतो आणि बूट होणारी फाइल गेली! यावर ‘तुम्ही बटण नीट दाबलं नसेल’ हे उत्तर नाही. यावर उत्तर म्हणजे सिस्टिमचा भाग फक्त वाचण्यासाठी ठेवणं आणि लिहिण्याचा भाग वेगळा ठेवणं. ओपनडिंगक्स या मोकळ्या प्रकल्पाने स्क्वॅशएफएस वापरून हे केव्हाच करून दाखवलंय.

आणि नकली कार्डं? त्यातला कंट्रोलर चक्क खोटं बोलतो. आत ८ जीबी, सांगतो १२८. आठ जीबी भरेपर्यंत सगळं गोड, मग नवीन माहिती जुन्याच्या डोक्यावर बसते. बनी हुआंग या हार्डवेअर अभियंत्याने ‘चंबी’ नावाच्या लिनक्स यंत्राच्या उत्पादनात आलेल्या संशयास्पद मायक्रोएसडी कार्डांचा छडा लावून २०१० साली सविस्तर लिहिलं होतं. नामांकित छाप असलेली कार्डं, थेट कारखान्याच्या पुरवठ्यात घुसलेली. तिथे ही कथा, तर रस्त्यावर अर्ध्या किमतीत मिळणाऱ्या कार्डाचं काय बोलायचं!

असो. कार्ड बदलता येतं. खरं दुखणं दुसरं आहे.

यंत्र सुरू होताना पहिला कोड चालतो तो बूटलोडर. तो जर पुन्हा लिहिता येणाऱ्या फ्लॅशमध्ये असेल आणि अपडेटमध्ये अर्धवट पुसला गेला तर पुढचं काहीच चालत नाही. पडदा काळा, दिवा बंद. झाली वीट.

इथे मला दोन जुन्या यंत्रांची तुलना करायची आहे, कारण माझा सगळा मुद्दा त्यात आहे.

पहिलं जीपी२एक्स. कोरियाच्या गेमपार्क होल्डिंग्जने नोव्हेंबर २००५ मध्ये आणलेलं. २०० मेगाहर्ट्झचे दोन एआरएम कोर, ६४ एमबी रॅम, ६४ एमबी नँड फ्लॅश, लिनक्स, आणि वीज कसली तर दोन पेन्सिल सेल! मोकळ्या सॉफ्टवेअरच्या माणसांनी ते डोक्यावर घेतलं, आणि ते योग्यच होतं. पण बूटलोडर त्याच नँडमध्ये, आणि अपडेट करताना तो खराब झाला तर जेटॅग केबल जोडून, बाहेरून चिपमध्ये लिहिणं हाच माहितीतला इलाज. हे काम किती जणांना जमणार? सेल अर्धे उतरलेले असताना अपडेट केलं हा वापरणाऱ्याचा गुन्हा ठरला. दोन पेन्सिल सेलवर चालणारं यंत्र बनवून सेल उतरतील याची तजवीज न करणाऱ्याचा नाही!

दुसरं डिंगू ए-३२०. २००९ चं चिनी यंत्र, स्वस्त, ३२ एमबी रॅम, आत इंजेनिक कंपनीची चिप. मूळचं त्यावर लिनक्स नव्हतंच. बूबू या टोपणनावाच्या प्रोग्रामरने त्याच वर्षी त्यावर लिनक्स चढवलं, डिंगक्स नावाने. म्हणजे कंपनीला न विचारता, चिप उलगडून केलेलं काम. इथे तर विटांचा ढीग लागायला हवा होता. पण तसं झालं नाही, कारण इंजेनिकच्या चिपमध्ये कोरलेल्या रॉममध्येच यूएसबीवरून सुरू होण्याची सोय होती. आतली फ्लॅश पूर्ण कोरी झाली तरी ‘बी’ बटण धरून रीसेट दाबायचं, यूएसबी केबलने संगणकाला जोडायचं आणि नवं सगळं आत ढकलायचं. मेलेला उठून बसतो.

बघा, शिलालेख परत आला! पाटी कितीही बिघडली तरी खाली कोरलेल्या चार ओळी शाबूत आहेत, आणि त्या चार ओळी एवढंच सांगतात की ‘पाटी कोरी असेल तर केबलकडे बघ.’ जगवण्याचं काम तेवढ्यावर होतं. डिंगू महाग नव्हतं. फक्त चिप बनवणाऱ्या कोणीतरी आधीच गृहीत धरलं होतं की माणसाच्या हातून चुका होतात.

आज ही सोय काही दुर्मिळ राहिलेली नाही. ऑलविनरच्या चिपमध्ये तिला ‘फेल’ मोड म्हणतात (नाव तेवढं दुर्दैवी!), रॉकचिपमध्ये ‘मास्करॉम’. आजच्या स्वस्त हँडहेल्डमध्ये बहुतेक याच घराण्यातल्या चिपा असतात. म्हणजे दार आधीच आहे. मग कंपन्या काय करतात? दाराचं बटण बाहेर काढत नाहीत, रिकव्हरी इमेज देत नाहीत, कोणत्या आवृत्तीला कोणती फाइल लागते हे नीट लिहीत नाहीत. दार आहे पण कडी कुठे ते सांगायचं नाही. याला मी स्वस्तपणा म्हणत नाही, आळस म्हणतो.

‘पण सुरक्षित अपडेटला खर्च येतो’ असं म्हणणाऱ्यांसाठी थोडा हिशेब.

पहिला उपाय, सिस्टिमच्या दोन प्रती. अ वरून चालू असताना ब वर लिही, तपासून बघ, मग पुढच्या वेळी ब वरून सुरू हो. ब चालली नाही तर निमूट अ वर परत ये. अँड्रॉइडने हे २०१६ मध्ये नूगा आवृत्तीत आणलं. क्रोमओएसमध्ये त्याच्याही आधीपासून होतं. व्हॉल्व्हचं स्टीम डेक, जे २०२२ मध्ये आलं आणि लिनक्सवरच चालतं, तेही हेच करतं. त्यासाठी त्यांनी आरएयूसी नावाचं मोकळं सॉफ्टवेअर वापरलंय, जे कोणीही फुकट उतरवून घेऊ शकतं. वारंवार अपयशी सुरुवात मोजून दुसऱ्या प्रतीकडे वळण्याची सोय यू-बूट या बूटलोडरमध्ये आहे, तीही फुकट. खर्च काय, तर फ्लॅशमधली थोडी जागा.

‘जागाच नसेल तर?’ मान्य. २००५ च्या ६४ एमबीमध्ये दोन पूर्ण प्रती बसवणं अवघड होतं. पण दोन पूर्ण प्रतींची गरजच नाही. बूटलोडर काहीशे केबीचा असतो. तेवढा तुकडा नेहमीच्या अपडेटमध्ये हात न लावता सोडला, चिपची लिहिण्यापासून रोखणारी पिन वापरली, तरी नव्वद टक्के भीती गेली. मदरबोर्डवाल्यांनी पूर्वी हाच धडा घेतला. चेन इंग-हाऊ या तैवानी विद्यार्थ्याने लिहिलेला सीआयएच व्हायरस २६ एप्रिल १९९९ ला फुटला आणि त्याने अनेक संगणकांचा बायोस पुसून टाकला, कारण बायोस आता लिहिता येणाऱ्या फ्लॅशमध्ये आला होता. नुसत्या कोरियात बाधित संगणक लाखांच्या घरात होते. गिगाबाइटचे दोन बायोस चिपा असलेले मदरबोर्ड त्याच काळातले. म्हणजे दुखणं जुनं, औषध जुनं. फक्त खेळण्यांच्या दुकानात ते अजून पोचलेलं नाही.

आता काही जण म्हणतील, ‘अरे, एवढं काय? खेळणंच तर आहे!’

दोन उत्तरं आहेत. एक, खेळणं कोणाचं? तुम्ही-आम्ही महिन्याच्या पगारात सहा हजारांचा खड्डा बुजवू, दोन वीकेंड बाहेर जेवलो नाही की झालं. पण बजाजनगर-रांजणगावच्या भाड्याच्या खोल्यांत शिफ्ट करून राहणारी पोरंही हे कन्सोल घेतात. चार-पाच महिने पैसे बाजूला टाकून. त्यात नोव्हेंबर २०२० मध्ये अलीएक्सप्रेसवर भारतात बंदी आली, त्यामुळे ही यंत्रं मधल्या विक्रेत्यांमार्फतच येतात. वॉरंटी म्हणजे समोरच्याने व्हॉट्सअॅपला उत्तर दिलं तर. वीट झाली की पोरगा पैठण गेटला जातो, दुकानदार म्हणतो, ‘डेड झालंय, सॉफ्टवेअर मारावं लागेल, पण याची फाइल मिळत नाही.’ संपलं. त्या दुकानदाराला काम येत नाही असं मुळीच नाही. फाइल मिळत नाही, एवढाच प्रश्न आहे.

दुसरं उत्तर जास्त गंभीर आहे. खेळण्यात लागलेली सवय खेळण्यात राहत नाही. टेस्लाचं उदाहरण बघा. त्यांच्या जुन्या मॉडेल एस आणि मॉडेल एक्स गाड्यांत लिनक्सवर चालणारा मधला पडदा होता आणि आत ८ जीबीची ईएमएमसी फ्लॅश. साधारण ३००० वेळा पुसता येणारी. गाडी चालेल तशी माहिती लिहिली जायची, पाच-सहा वर्षांत चिप झिजायची आणि पडदा बंद, त्याबरोबर मागचा कॅमेरा बंद. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेत सुमारे १ लाख ३५ हजार गाड्या त्यासाठी परत बोलावाव्या लागल्या. लाखो डॉलरची अक्कल असलेल्या कंपनीने तीच चूक केली जी पाच हजारांच्या कन्सोलवाला करतो. पाटी झिजते हेच विसरले.

आणि आपल्या आसपास? एका कारखान्यात (नाव नको) मशीनवरच्या सेन्सरचे आकडे गोळा करणाऱ्या छोट्या लिनक्स पेट्या बसवल्या होत्या. आत साधं मायक्रोएसडी कार्ड. दर सेकंदाला लॉग त्यावरच. वळवाचं वारं सुटलं की लाइन ट्रिप होते, हे वाळूजमध्ये शेंबड्या पोरालाही माहीत आहे. दीड वर्षात एकेक कार्ड बसायला लागलं. बैठक झाली, आणि निष्कर्ष काय निघाला? ऑपरेटर मेन स्विच बंद करण्याआधी पेटी नीट शटडाऊन करत नाहीत. एका कंत्राटी पोराला मेमो मिळाला. ज्याने दर सेकंदाला कार्डावर लिहिणारी पेटी डिझाइन केली त्याला काहीच नाही.

मला राग आहे तो याचा. ‘स्वतःच्या जबाबदारीवर’ ही ओळ गेमच्या डब्यातून निघते आणि कारखान्याच्या मेमोपर्यंत पोचते. यंत्राचा दोष शेवटी त्याच्याच गळ्यात पडतो ज्याला उलट बोलता येत नाही.

याचा आणखी एक परिणाम होतो. एकदा हात पोळला की माणूस अपडेट करणंच सोडतो. ‘चालतंय ना, मग हात लावू नको.’ घरचा राउटर, दुकानातला कॅमेरा, कारखान्यातला गेटवे, सगळे वर्षानुवर्षं जुन्या भोकांसकट उघडे. आपण त्यांना अडाणी म्हणतो. अडाणी कसले, त्यांनी अनुभवातून काढलेला निष्कर्ष बरोबर आहे! चूक आहे ती अपडेटला जुगार बनवणाऱ्यांची.

काही शहाण्यांचं उत्तर असतं, ‘लोक भलतीसलती फर्मवेअर टाकतात म्हणून यंत्र मरतं, सगळं कुलूपबंद करा.’ हेही खोटं. डिंगू पूर्ण उघडं होतं आणि मरत नव्हतं. उलट २०१३ च्या सुरुवातीला सॅमसंगच्या काही लॅपटॉपवर नुसतं लिनक्स सुरू केलं तर ते कायमचे मेले. लोक म्हणाले, बघा, लिनक्सचा उपद्व्याप. मग मॅथ्यू गॅरेट याने दाखवून दिलं की विंडोजमधूनही यूईएफआयच्या साठवणीत जास्त माहिती लिहिली की तेच होतं. दोष फर्मवेअरचा होता. कुलूप चोराला अडवतं. छत पडलं तर कुलूप काय करणार?

तेव्हा बनवणाऱ्यांकडून माझ्या मागण्या या, आणि यातली एकही आकाशातला चंद्र नाही:

१. नेहमीच्या अपडेटने बूटलोडरला हात लावायचा नाही.
२. जुनं पुसण्याआधी नवी फाइल पूर्ण आहे का, याच मॉडेलच्या याच आवृत्तीची आहे का आणि बॅटरी पुरेशी आहे का हे यंत्रानेच तपासायचं. माणसाला सूचना देऊन मोकळं व्हायचं नाही.
३. दोन प्रती, नाहीतर निदान एक छोटी रिकव्हरी प्रणाली.
४. चिपमध्ये यूएसबीची वाट आहेच, तिचं बटण आणि रिकव्हरी इमेज सगळ्यांना उघडपणे द्यायची.
५. लिनक्स कर्नल वापरता ना? मग जीपीएलप्रमाणे त्याचा सोर्स द्या. कंपनी दोन वर्षांत दुकान बंद करेल, पण सोर्स असेल तर यंत्र जगेल.

तोपर्यंत आपण काय करायचं? या शनिवारी अर्धा तास काढा. सोबत आलेल्या कार्डाची इमेज संगणकावर उतरवून ठेवा. नवं कार्ड खात्रीच्या दुकानातून, बिल घेऊन आणा आणि आधी एफ३ किंवा एच२टेस्टडब्ल्यूने पूर्ण भरून तपासा. सेव्ह केलेल्या फाइलींची प्रत महिन्यातून एकदा काढा. यंत्र मेनूतून बंद करा. मियू मिनीसारख्या यंत्रात मूळ फर्मवेअर आतल्या छोट्या फ्लॅश चिपवर आणि बाकी गोष्टी कार्डावर असतात. तिथे कार्डावरचं बिनधास्त बदला, पण आतलं अपडेट गरज असेल तेव्हाच आणि मॉडेलची आवृत्ती दोनदा बघून करा. एवढं करावं लागतं ही लाजिरवाणी गोष्ट आहे, पण करा.

आणि बिल जपून ठेवा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष वस्तूबद्दल तक्रार करता येतेच, शिवाय ‘अन्याय्य करार’ ही कल्पनाही त्यात आली आहे. ‘आम्ही कशालाच जबाबदार नाही’ असं एका बाजूने लिहून टाकलं की कायदा संपत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं, त्यात मोबाइल, इलेक्ट्रॉनिक्स, गाड्या, शेतीची अवजारं आहेत. खिशातल्या गेमपर्यंत ते पोचायला वेळ लागेल हे मलाही कळतं. पण आपण मागितलंच नाही तर कधीच पोचणार नाही.

आपल्यापैकी बरेच जण हेच काम पोटासाठी करतात. कोणी पुण्यात बसून, कोणी बंगळुरात, कोणी इथे वाळूजच्या पत्र्याखाली. उद्या तुमच्या बैठकीत कोणी म्हणालं, ‘मॅन्युअलमध्ये एक सूचना टाकून देऊ, वीज घालवू नका म्हणून,’ तर तिथेच हात वर करा. वीज जाणार आहे असं धरूनच कोड लिहायचा असतो.

आणि एखाद्या मित्राने विचारलं, ‘कोणता हँडहेल्ड घेऊ रे?’ तर स्क्रीन किती इंचाची, किती गेम चालतात हे सगळं नंतर सांगा. आधी त्याला विक्रेत्याकडे एक प्रश्न घेऊन पाठवा: मेलं तर जिवंत कसं करायचं? उत्तर आलं नाही, तर घेऊ नको म्हणावं.